ज्यू निमूटपणे मेले, हे साफ खोटं आहे

'साठ लाख ज्यू मेंढरांसारखे मरायला गेले, एकानेही हात उगारला नाही. शस्त्र नसलं की असंच होतं. वाचले ते शिंडलरसारख्यांच्या दयेवर.' दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या नाझी राजवटीने केलेल्या ज्यूंच्या कत्तलीवरचा हा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय. (शिंडलर म्हणजे ज्यूंना वाचवणारा जर्मन कारखानदार.) भाचीने तो वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात जसाच्या तसा घातला, तेव्हा मात्र राहवलं नाही.

'एकानेही नाही' हे खोडायला ज्यूंची साक्षसुद्धा लागत नाही. पोलंडमधल्या वॉर्सात ज्यूंना कोंडून ठेवलेली वस्ती, म्हणजे वॉर्सा घेट्टो, चिरडणारा युर्गन श्ट्रोप हा एसएस या नाझी निमलष्करी दलाचा अधिकारी. त्याचा अहवाल युद्धानंतर नाझी पुढाऱ्यांवर चाललेल्या न्यूरेंबर्ग खटल्यात पुरावा म्हणून आला. १९ एप्रिल १९४३ ला फौज आत शिरली आणि पेटत्या बाटल्यांच्या माऱ्यापुढे तिला मागे फिरावं लागलं. बायका दोन्ही हातांतल्या पिस्तुलांनी गोळ्या झाडत होत्या, हे श्ट्रोपच लिहितो. बंडाचा म्होरक्या मोर्देखाय अनीलेविच २४ वर्षांचा होता. अखेर जर्मनांनी घर न् घर पेटवलं, तरी बंड मोडायला १६ मे उजाडला. पोलंडमधल्या सोबिबोर या नाझी मृत्युछावणीत १४ ऑक्टोबर १९४३ ला कैद्यांनी एसएसवाल्यांना कपड्यांच्या मापासाठी बोलावून कुऱ्हाडीने मारलं आणि सुमारे ३०० जण कुंपणापार पळाले.

शस्त्रांचा मुद्दा तर डोक्यात जातो. जर्मन कैदेत तीसेक लाख सोव्हिएत युद्धकैदी मेले. ते तर कवायती फौजेतले जवान होते. मग कडेवर पोर आणि सोबत म्हातारी आई असलेल्या माणसाला कोणत्या तोंडाने भित्रा म्हणायचं? त्यात फसवणूक. १९४२ च्या उन्हाळ्यात वॉर्सात जाहीर झालं, आपणहून गाडीत बसेल त्याला ३ किलो पाव आणि १ किलो जॅम. भुकेने अर्धमेली माणसं बिऱ्हाडासकट आली. गाडी ट्रेब्लिंका मृत्युछावणीतल्या विषारी वायूच्या कोठड्यांकडे जात होती.

बहुसंख्यांनी शस्त्र उचललं नाही, हे खरं. घेट्टोतल्या ज्यू पोलिसांनी आपल्याच लोकांना गाड्यांपर्यंत हाकललं, हेही मान्य करावं लागतं. त्यातून फॉरवर्डमधला निष्कर्ष मात्र निघत नाही.

दयेचं म्हणाल तर बिएल्स्की या ज्यू भावांनी बेलारूसच्या जंगलात १२०० हून जास्त ज्यू जगवले, म्हातारेकोतारे आणि पोरंबाळं धरून. आणि वॉर्साचं बंड पेटलं त्याच रात्री बेल्जियममध्ये तिघा मित्रांनी एक लाल कंदील आणि एक पिस्तूल एवढ्यावर ऑशविट्झ मृत्युछावणीकडे ज्यूंना घेऊन निघालेली गाडी अडवली. एक डबा उघडून १७ जणांना उतरवलं. त्या प्रवासात एकूण २३० हून जास्त लोक गाडीतून निसटले, बरेच पुन्हा पकडले गेले. तिघांमधला यूरा लिफ्शित्स हा तरुण डॉक्टर ज्यू होता. १९४४ मध्ये जर्मनांनी त्याला गोळ्या घातल्या.