गिझरच्या व्हॉल्व्हला डमी मारू नका

थंडीची चाहूल लागली की सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: गिझरच्या व्हॉल्व्हमधून पाणी टपकत असेल तर व्हॉल्व्ह काढा आणि तिथे डमी, म्हणजे बंद बूच, मारा, पाणी वाचेल. पाणी तापलं की वीज तोडणारा थर्मोस्टॅट असताना कटआउट आणि फ्यूजिबल प्लग हे सुरक्षेचे जादा भाग म्हणजे कंपन्यांची लूट. घरात एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) असली की शॉकची भीती नाही. आणि आजीच्या तांब्याच्या बंबाला कुठे होता व्हॉल्व्ह? तो तर पिढ्यान् पिढ्या चालला! शेवटी अर्थातच ‘जनहितार्थ, पुढे पाठवा’.

आधी टपकण्याचं बघू, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. पाणी तापलं की फुगतं. २० अंशांचं पाणी ६० अंशांवर गेलं की त्याचं आकारमान साधारण दीड टक्क्याने वाढतं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण २५ लिटरच्या टाकीत हे जादा पाणी साडेतीनशे-चारशे मिलिलिटर भरतं. त्याने जायचं कुठे? गरम नळ बंद आहे. थंड पाणी आत येतं तिथे जो छोटा व्हॉल्व्ह असतो, प्लंबर ज्याला एमएफव्ही म्हणतात, त्यात नॉन-रिटर्नची झडप आहे. ती पाणी मागे जाऊ देत नाही. मग टाकीतला दाब चढतो. ठरलेल्या आकड्याला, बहुतेक टाक्यांना ८ बारला (बार हे दाबाचं माप), व्हॉल्व्हमधली स्प्रिंग मागे सरकते आणि बाजूच्या तोटीतून थेंब पडायला लागतात. गिझर चालू असताना थोडा वेळ टपकून थांबणारा व्हॉल्व्ह ठणठणीत आहे.

गिझर बंद, पाणी गार, तरी रात्रंदिवस टपटप चालूच असेल तर मात्र दोष आहे. असा व्हॉल्व्ह खोलला की कारण बहुधा डोळ्यांना दिसतं: रबरी वायसर जिथे बसतो त्या कडेवर पांढरा, खरखरीत थर. बोअरच्या जड पाण्याचा क्षार. वायसर नीट टेकत नाही, म्हणून पाणी निसटतं. कधी इमारतीच्या प्रेशर पंपाचा दाब जास्त असतो, मग लाइनवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लागतो. दोन्हीवर इलाज आहे आणि तो डमी मारणं हा नाही. उलट हाच क्षार पुढे झडप घट्ट चिकटवूनही टाकतो, आणि तेव्हा टपकणं आपोआप थांबतं. घरातले खूश होतात, पण व्हॉल्व्ह आता दाब सोडतच नसतो. म्हणून व्हॉल्व्हला छोटी दांडी असेल तर ती महिन्या-दोन महिन्यांनी उचलून पाहावी. पाण्याची चिळकांडी उडाली पाहिजे. गिझर गार असताना करा, हात भाजून घेऊ नका.

आता बंब. आजीच्या बंबाला व्हॉल्व्ह नव्हता हे अगदी खरं, कारण त्याला त्याची गरजच नव्हती. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी, आणि वरचं तोंड हवेला उघडं. कितीही लाकडं सारली तरी पाणी १०० अंशांच्या वर जाणार नाही. उकळेल, वाफ निघून जाईल. बंबात दाब साठायला जागाच नाही. गिझर चहूबाजूंनी बंद आहे. ८ बार दाबाखाली पाणी उकळायला जवळपास १७५ अंश लागतात, तोवर ते मुकाट्याने तापत राहतं. समजा, डमी मारलेल्या टाकीत ते १५० अंशांवर गेलं आणि टाकी फाटली. दाब एकदम उतरतो आणि त्या २५ लिटरपैकी दोन किलोच्या आसपास पाण्याची क्षणात वाफ होते. ती साडेतीन घनमीटरांच्या घरात जागा मागते. आपलं चार बाय सहा फुटांचं बाथरूम आहे जेमतेम साडेपाच घनमीटरांचं. बंबाचा दाखला देणाऱ्याने बंबाचं उघडं तोंड विसरून कसं चालेल?

‘पण थर्मोस्टॅट आहे ना!’ आहे, आणि तो रोज चालू-बंद होतो, म्हणूनच झिजतो. त्याचे संपर्कबिंदू ठिणग्यांनी वितळून एकमेकांना चिकटले की कॉइलची वीज तुटतच नाही. मग किती वेळ हातात असतो? १५ लिटरचा, २ किलोवॉटचा गिझर ६० वरून १०० अंशांवर जायला वीस-बावीस मिनिटं घेतो. स्वयंपाकघरातला ३ लिटरचा, ३ किलोवॉटचा ‘इन्स्टंट’ तर साध्या नळाच्या पाण्यापासून पाचेक मिनिटांत उकळीला येतो. अशा वेळी कटआउट वीज तोडतो, आणि तो मुद्दाम असा बनवतात की हाताने बटण दाबल्याशिवाय पुन्हा चालू होऊ नये. तो सारखा पडतोय म्हणून दोन वायरी थेट जोडून देणारे मेकॅनिक आहेत. कटआउट का पडतोय हे त्यांनी पाहिलेलंच नसतं. कटआउटही निकामी झाला तर फ्यूजिबल प्लगचा मऊ धातू वितळतो आणि टाकीला भोक मोकळं होतं. त्याच्या जागी लोखंडी बोल्ट ठोकलेले गिझर दिसतात, तेव्हा खरंच कपाळावर हात मारावासा वाटतो. हे एकाच कामाचे तीन-चार नोकर ठेवलेत असं नाही. एकेकजण दुसरा आजारी पडल्यावरच कामाला येतो.

एमसीबीचा मुद्दा. १६ अँपियरची एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. माणसाचा जीव जायला अँपियरचा अगदी छोटा अंश पुरतो, तेवढ्याने ती हलतसुद्धा नाही. कॉइलचं आवरण फुटून पाण्यात करंट उतरला तर तो पकडायला ३० मिलिअँपियरची आरसीसीबी, म्हणजे गळणारा करंट ओळखून वीज तोडणारा स्विच, लागते, आणि अर्थिंग. पूर्वी काही घरांत जीआयच्या, म्हणजे लोखंडी, पाइपालाच अर्थिंग जोडत. तो प्रकार तेव्हाही चुकीचा होता. आता पाइप सीपीव्हीसीचे, म्हणजे प्लॅस्टिकचे, आहेत, त्यांतून अर्थिंग कुठे जाणार?

मेसेजमधली एक तक्रार मात्र रास्त आहे: टपकणारं पाणी भिंत भिजवतं, रंग उडवतं. त्यासाठी व्हॉल्व्हच्या तोटीला पातळ नळी लावा, ती सतत उताराची ठेवा आणि खालचं तोंड मोरीच्या जाळीवर किंवा बादलीवर उघडं सोडा. नळीला गाठ, चिमटा किंवा कॉक नको. गिझर आणि हा व्हॉल्व्ह यांच्या मध्येही कॉक बसवायचा नाही. थंड पाण्याचा कॉक व्हॉल्व्हच्या अलीकडे, लाइनच्या बाजूला. व्हॉल्व्ह बदलायचाच झाला तर त्यावर छापलेला बारचा आकडा टाकीच्या लेबलवरच्या आकड्याशी पडताळून घ्या. टाकी ६.५ बारची आणि दुकानदाराने हातात ठेवलेला व्हॉल्व्ह ८ बारचा असेल, तर तो परत करा.