‘झिप सोडा, रार वापरा’ या संदेशाविषयी

झिप आणि रार ही अनेक फाइली दाबून एकाच फाइलीत बांधण्याची दोन स्वरूपे. त्यांपैकी झिप कालबाह्य झाली असून फाइली पाठवण्यासाठी सर्वांनी रार हेच प्रमाण मानावे, असे सांगणारा एक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरत आहे. माझ्या थोरल्या बहिणीने तो खरा मानून गृहनिर्माण संस्थेची वर्षभराची बिले रारमध्ये बांधून लेखापरीक्षकांना पाठवली. त्यांच्या जुन्या मॅकवर ती फाइल उघडेना आणि ताईचा अख्खा रविवार फोनवर गेला.

‘रार सर्व संगणकांवर चालते’ हा पहिलाच दावा तिथे आपटला. झिपची रचना पीकेवेअर कंपनीने 1989 मध्येच खुली केली; विंडोज एक्सपीपासून (2001) आणि मॅकवर 2003 पासून झिप उघडायला वेगळे काही घ्यावे लागत नाही. रार उघडण्याची सोय विंडोज 11 मध्ये थेट 2023 साली आली, आणि तीही केवळ उघडण्याची. याचे कारण परवान्यात आहे. रारचे निर्माते यूजीन रोशल यांनी रार उघडण्याचा कोड दिला आहे, परंतु त्यावरून रार बनवण्याची पद्धत पुन्हा घडवण्यास मनाई केली आहे. ज्या स्वरूपातील फाइल बनवण्याचा हक्क एकाच मालकाकडे आहे, त्याला सर्वांचे प्रमाण कसे म्हणावे?

कहर आहे तो पुढच्या दाव्यात: फोटो रारमध्ये एक दशांश आकारावर येतात, आणि तीच फाइल पुन्हा रार केली की आणखी लहान होते. जेपेग फोटो मुळातच दाबलेला असतो. त्यात पिळून काढण्याजोगी पुनरावृत्ती फारशी उरलेली नसते. ताईची बिलेही स्कॅन केलेली चित्रेच होती, त्यामुळे एवढ्या खटाटोपातून जेमतेम दोन-तीन टक्के जागा वाचली. दर फेरीला फाइल लहान होत असती, तर कोणताही लग्नाचा अल्बम शेवटी एका बाइटवर आला असता. आणि एका बाइटची रूपे 256 च असल्याने जगात 256 हून अधिक अल्बम असूच शकले नसते! झिपमध्ये वापरल्या जाणाऱ्या डिफ्लेट पद्धतीचे वर्णन करणारा आरएफसी 1951 हा मे 1996 चा दस्तऐवज हेच सांगतो: काहीही न गमावता प्रत्येक फाइल लहान करणारी पद्धत अस्तित्वात असू शकत नाही, आणि डिफ्लेटने मोठी फाइल वाईटात वाईट परिस्थितीत 0.015 टक्के वाढते.

रार फाइली बनवणारा विनरार हा प्रोग्रॅम संदेशात म्हटल्याप्रमाणे ‘मोफत’ही नाही, 40 दिवसांच्या चाचणीनंतर तो चालू राहतो एवढेच. संदेशातील ‘फुल व्हर्जन’ची लिंक मात्र कोणीही उघडू नये. ऑगस्ट 2023 च्या 6.23 आवृत्तीपूर्वीच्या विनरारमध्ये, फाइलीतील साध्या दिसणाऱ्या चित्रावर क्लिक करताच घातक प्रोग्रॅम चालवता येत होता, आणि हल्लेखोर त्याचा वापर करतही होते. कुठून तरी घेतलेली जुनी चोरटी प्रत म्हणजे तेच दार पुन्हा उघडणे.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. झिपची पासवर्ड लावण्याची जुनी पद्धत कच्ची आहे. बिहाम आणि कोचर या कूटलेखन-तज्ज्ञांनी ती मोडण्याची रीत 1994 मध्येच दाखवली, आणि रारचे एईएस-256 कूटलेखन (पासवर्डशिवाय वाचता येऊ नये असे रूप देणे) तिच्याहून कितीतरी भक्कम आहे. परंतु तेच कूटलेखन मोफत आणि मुक्त स्रोत असलेल्या सेव्हन-झिप या प्रोग्रॅममध्येही मिळते. मात्र तशी फाइल उघडायला समोरच्याकडेही योग्य साधन हवे, हे आधी विचारून घ्यावे.

ताईच्या बिलांत लपवण्यासारखे काही नव्हते. सोमवारी तिने साधी झिप पाठवली.