पाच भाच्यांचं उष्टावण

आज सकाळी दूधवाल्यानं फाटकातून हाक मारली, "मामा, पिशवी घ्या!" मी ४३ वर्षांचा, तो पन्नाशी ओलांडलेला. गेल्या रविवारपर्यंत शाहूपुरीतल्या आमच्या गल्लीत मला नाव होतं, आडनावही होतं.

झालं एवढंच, की चिंगी कुत्री आमच्या जिन्याखाली व्याली. पाच पिल्लं. चौथ्या आठवड्यात त्यांचे सुईसारखे दात टोचायला लागले, तशी ती पाजता पाजता मध्येच उठून चालू पडायची आणि दोन-तीन पिल्लं लोंबकळत तिच्याबरोबर निघायची. डॉक्टर म्हणाले, आता वरचं सुरू करा. पिल्लांचं खाणं कोमट पाण्यात भिजवून पेजेसारखं पातळ करायचं, पसरट ताटलीत द्यायचं, तोंड धरून त्यात बुडवायचं नाही, पुढं हळूहळू घट्ट करत न्यायचं. सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत अंगावरचं सुटतं. मी ताटली घेऊन बसलो आणि शेजारच्या आजी आल्या.

"उष्टावण हाय व्हय?"

"नाही हो आजी, नुसतं खाणं..."

"पयलाच घास न्हवं? मंग मामा कुठाय?"

"कुत्र्यांना कुठला मामा?"

आजी पायरीवर बसल्या. त्या बसल्या की विषय लांबतो. "आरं, चिंगी बाळतीण कुणाच्या दारात झाली? तुझ्या. म्हंजी ह्ये तिचं म्हायार. म्हायारी भाऊ कोण? तू. मंग पोरांचा मामा कोण?"

मला मामा बनवलं, दोन्ही अर्थांनी. आजी घरात जाऊन नातवाच्या उष्टावणाची चांदीची वाटी घेऊन आल्या. वाटीत शेवयांची खीर आणि खिरीत कुस्करलेला कंदी पेढा. "साताऱ्यात जलमली आन् पेढा न्हाई व्हय?"

"आजी, डॉक्टर म्हणालेत, गाई-म्हशीचं दूध देऊ नका."

"डाक्टरला पोरं किती?"

"दोन."

"हिला पाच हायती."

यावर काय बोलायचं, ते मला अजून सुचलेलं नाही. मला पाटावर बसवलं. गल्ली जमली, मोबाइल निघाले. पहिल्या पिल्लानं खिरीत चारही पाय ठेवले. दुसऱ्यानं खीर सोडून पहिल्याचे पाय चाटले. तिसरं वाटीवर मान टाकून झोपलं. चौथ्यानं माझा अंगठा चावला आणि पाचव्यानं मांडीवर जे केलं, त्यालाच सर्वांत जास्त टाळ्या पडल्या.

रात्री पाचही पिल्लांना ढाळ. त्या दुधातली साखर त्यांना सोसत नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते वरच्या पट्टीत सांगितलं. बरं, इतके दिवस चिंगी पिल्लांचं सगळं चाटून साफ करायची. पिल्लं वरचं खायला लागली की आई हे काम अंगाबाहेर टाकते. त्या रात्री तिनं वास घेतला, माझ्याकडं बघितलं आणि अंगणात जाऊन झोपली. दोन वाजता फिनेलची बादली घेऊन मी एकटा. व्हिडिओ काढणाऱ्यांपैकी कुणी एक फडकंसुद्धा दिलं नाही.

आता तिन्ही नरांना घरं ठरलीत; आठ आठवडेही होऊ देत नाहीत, आत्ताच न्यायची घाई. राहिल्या दोन माद्या. येणारा फाटकातूनच विचारतो, "नर आहे का?" नाही म्हटलं की त्याला एकदम काम आठवतं. "मादी नको हो, पुढं पिल्लांची कटकट." ऑपरेशन करता येतं म्हटलं तर खर्च कोण करणार? मामा! यातल्या एकाच्या गाडीमागं 'मुलगी वाचवा' लिहिलंय. गाडी धुतलेली असते, त्यामुळं अक्षरं स्पष्ट दिसतात.

काल आजींना विचारलं, "या दोघींचं काय करू?"

"भाचीला बोहल्यावर कोण नेतं? मामाच की. आन् माझी वाटी दे, चांदीची हाय."

वाटी चिंगीनं बागेत कुठंतरी पुरलीय. माझे तीन खड्डे खणून झालेत.