हूकने केंद्रक बघितलंच नव्हतं, तो फॉरवर्ड जरा थांबवा

युनिट टेस्ट जवळ आल्या की गोव्यातल्या पालकांच्या ग्रुपांवर एक पोस्ट फिरायला लागते, फोंड्याहून सुटते ती पेडण्यापर्यंत जाते. मजकूर साधारण असा: '१६६५ मध्ये रॉबर्ट हूकने मायक्रोस्कोपचा शोध लावला, त्यातून जिवंत पेशी आणि तिचं केंद्रक पाहिलं आणि सगळे सजीव पेशींचे बनलेत हे सिद्ध केलं. प्रत्येक पेशीला भिंत आणि केंद्रक असतंच.' खाली एक रंगीबेरंगी चित्र, 'हूकने काढलेली पेशी' म्हणून. (केंद्रक म्हणजे पेशीच्या आतला गोळा, इंग्रजीत न्यूक्लियस.) यात साल आणि नाव बरोबर, पुढे गडबड. मी ग्रुपवर लिहिलं तर एक काका म्हणाले, बाय, पोरांचे दोन मार्क, कशाला एवढं? काका, ते दोन मार्कच जातात ना अशाने.

मायक्रोस्कोपचं आधी उरकते. तो हूकच्या जन्माआधीपासून होता, डच चष्मेवाल्यांकडे त्याचं मूळ जातं आणि गॅलिलिओनेही एक बनवला होता. हूकने आपल्या यंत्रात सुधारणा केल्या म्हणा, चालेल.

आता 'जिवंत पेशी'. हूकने कापली ती बुचाची चकती. बूच म्हणजे एका ओक झाडाची साल, पोर्तुगालात अजूनही ढिगाने काढतात, आपल्याकडच्या जुन्या वाईनच्या बाटल्यांना तेच असायचं. त्यातल्या पेशी मेलेल्या असतात, आत नुसती हवा. म्हणजे हूकला दिसल्या त्या फक्त भिंती. पण माणूस भारी होता हां, एका घन इंचात भिंतींच्या असल्या किती रिकाम्या खोल्या मावतील याचा हिशोब करून १२५ कोटींच्या वर आकडा काढला त्याने. ताज्या झाडांत रसाने भरलेल्या खोल्याही त्याला दिसल्या आणि तसं त्याने लिहिलंय, फक्त ह्या खोल्या म्हणजेच सजीवाचं एकक हे त्याच्या डोक्यात नव्हतं, झाडाचा रस कुठून वाहतो ते तो शोधत होता. आणि त्याचं चित्र रंगीत वगैरे नाही, काळंपांढरं आहे, बुचाचे दोन काप आणि खाली चक्क लाजाळूची फांदी. पोस्टमधलं चित्र कुठल्यातरी आजच्या गाइडमधलं आहे.

पाण्यातले जिवंत एकपेशीय जीव १६७४ च्या आसपास बघितले ते डेल्फ्टच्या लेव्हेनहूकने, कापडाचा व्यापारी, स्वतः भिंगं घासायचा. केंद्रक त्याच्याही खूप नंतर. काहींना ते आधी दिसलं होतं, फ्रान्झ बाउअरने तर चित्रही काढलेलं, पण हे पेशीत नेहमी सापडतं असं ठामपणे सांगून त्याला नाव दिलं ते रॉबर्ट ब्राउनने, १८३१ मध्ये, ऑर्किडवर काम करताना (आपली सीतेची वेणी त्याच कुळातली). हूकपासून १६६ वर्षं! दोघेही रॉबर्ट, त्यामुळे पोस्टवाल्याचा घोळ झाला असेल कदाचित. सगळे सजीव पेशींचे बनलेत हा सिद्धांत श्लायडेन आणि श्वान या शास्त्रज्ञांचा, १८३८-३९, आणि नवीन पेशी कशी तयार होते ते त्या दोघांनीही चुकीचंच सांगितलं होतं. पेशी पेशीपासूनच होते हे रेमाक आणि फिर्चो यांनी १८५० नंतर पुढे आणलं.

पण मला सगळ्यात खटकतं ते शेवटचं वाक्य, कारण पोरं तेच पाठ करतात. प्रत्येक पेशीत केंद्रक? बॅक्टेरियात नाही. आणि लांब कशाला जाता, तुमच्याच रक्तातल्या तांबड्या पेशी बघा, हाडाच्या मगजात तयार होताना त्या केंद्रक बाहेर टाकतात. २०१६ च्या एका अंदाजाप्रमाणे माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी आणि त्यातल्या ८० टक्क्यांच्या वर ह्या तांबड्या, म्हणजे नुसती संख्या धरली तर आपल्या बहुतेक पेशी बिनकेंद्रकाच्या! आणि बाजारातल्या बांगड्याच्या तांबड्या पेशींत मात्र केंद्रक असतं.

आणि भिंत. भिंत झाडांना, बुरशीला, बहुतेक बॅक्टेरियांना. आपल्याला नाही, आपल्या पेशींना फक्त पातळ पटल (मेम्ब्रेन), म्हणजे पेशीभोवतीचा पापुद्रा, जे भिंतवाल्यांनाही आतून असतंच. हे पटल इतकं पातळ, ७-८ नॅनोमीटर, की साध्या मायक्रोस्कोपमध्ये त्याची जाडी दिसायचा प्रश्नच नाही, हूकला तर सोडाच. मग ते कसं बनलंय हे कळलं कसं? १९२५ मध्ये खोर्टर आणि ग्रेंडेल या दोघा डच लोकांनी तांबड्या पेशीच घेतल्या, कारण त्यांच्या आत केंद्रक नाही की दुसरं कसलं पटल नाही, पटलात चरबी असते, म्हणजे या पेशींतली सगळी चरबी बाहेरच्या पटलाचीच. ती काढून पाण्यावर पसरली तर पेशींच्या पृष्ठभागाच्या जवळपास दुप्पट जागा व्यापली, म्हणजे पटलात चरबीचे थर दोन. मापात त्यांच्या चुका होत्या पण निष्कर्ष टिकला. पोस्टप्रमाणे प्रत्येक पेशीला केंद्रक असतं तर हा प्रयोग असा जमलाच नसता.

मुलांना भिंत आणि पटल वेगळं दाखवायचं असेल तर परसातल्या ऱ्हिओचं पान घ्या, वर हिरवं खाली जांभळं असतं ते. खालचा पापुद्रा काढून स्लाइडवर ठेवा आणि मिठाचं दाट पाणी घाला. पाणी बाहेर जातं, जांभळा भाग पटलासकट आक्रसून आत सरकतो, भिंत जागच्या जागी राहते आणि मधे रिकामी फट दिसते. शाळेचा साधा मायक्रोस्कोप पुरतो त्याला, टीचरना विचारा.