राग मानू नकोस, पण...

आमच्या हौशी नाट्यसंस्थेत पगार कुणालाच नाही. त्यामुळे कुणाला कामावरून काढता येत नाही, कुणाचा पगार कापता येत नाही आणि कुणाला 'जरा गप्प बस' असंही म्हणता येत नाही. गप्प बस म्हटलेला माणूस दुसऱ्या दिवशी तालमीला येत नाही, आणि तो आला नाही की कळतं, हॉलची किल्ली त्याच्याकडे होती.

मी या संस्थेचा दिग्दर्शक. निदान कार्यक्रमपत्रिकेवर तसं छापतात. प्रत्यक्षात आमच्याकडे पंधरा-सोळा दिग्दर्शक आहेत. बाकीच्यांना मधूनमधून संवाद बोलावे लागतात, लेव्हली (म्हणजे रंगमंचावरचे लाकडी चौथरे) उचलाव्या लागतात, मिशा चिकटवाव्या लागतात. मी तेवढा रिकामा असतो, म्हणून सगळ्यांच्या सूचना माझ्याकडे येतात.

सूचनेची सुरुवात ठरलेली असते. "राग मानू नकोस, पण..." हे शब्द ऐकले की मी लगेच राग मानून घेतो, म्हणजे पुढचं शांतपणे ऐकता येतं. "राग मानू नकोस, पण दुसरा अंक पडतोय." "राग मानू नकोस, पण नायिकेचा आवाज तिसऱ्या रांगेच्या पुढे जात नाही." हे दुसरं वाक्य बोलणाऱ्या ताई नाटकात नायिकेची आई होतात. पहिल्या वाचनाला येताना त्यांनी संहितेत नायिकेच्या संवादांखाली पेन्सिलीने रेघा मारून आणल्या होत्या. हे त्यांना ठाऊक आहे, मला ठाऊक आहे आणि नायिकेला तर त्या रेघा कोणत्या पेन्सिलीच्या होत्या तेही ठाऊक आहे.

आमच्या प्रॉम्प्टरबाईंचं तंत्र निराळं. त्या तोंडाने काही बोलत नाहीत. एखादा संवाद त्यांना पटला नसेल तर नट अडकल्यावर त्या तो सांगतच नाहीत, दोन ओळी पुढचा सांगतात. अशा रीतीने त्यांनी आमच्या लेखकाची सव्वा पानं गाळली आहेत. लेखकाला पत्ता नाही आणि नाटक सुधारलं आहे, म्हणून मीही बोलत नाही.

आणि मग काका. संस्थेच्या पहिल्या दिवसापासूनचे सभासद. कुठल्याच नाटकात त्यांच्याकडे ठरावीक काम नसतं, म्हणून सगळीच कामं त्यांची. तालमीला वेळेवर येणारे ते एकटे. शेवटच्या रांगेत भिंतीकडची खुर्ची त्यांची. तिथून ते हाताची घडी घालून असे बघतात की, पोलीस पंचनाम्याला आले आहेत असं वाटावं. या नाटकात त्यांची एकच तक्रार होती, आणि ती त्यांनी दीड महिना रोज केली.

"फोनचा प्रसंग जमत नाहीये."

"काय करू या मग काका?"

"ते तू बघ. मी आपला साधा प्रेक्षक."

प्रसंग साधा होता. घरात नायक एकटा, फोन वाजतो, पलीकडून वाईट बातमी येते, नायक कोसळतो. आमचा नायक रोज मन लावून कोसळत असे. कधी सोफ्यावर, कधी सोफ्याच्या अलीकडे. मी त्याला डावीकडून कोसळवलं, उजवीकडून कोसळवलं. काका म्हणत, "नाही."

खरं सांगायचं तर हौशी मंडळींची टीका निम्मी बरोबर असते. कुठे दुखतंय ते त्यांना अचूक कळतं, औषध मात्र ते शेजाऱ्याचं सांगतात. अंक पडतोय म्हणतात तेव्हा तो पडतच असतो, फक्त त्यावरचा उपाय 'मध्ये एक गाणं टाक' हा नसतो. त्यातल्या त्यात काका परवडले. ते उपाय सांगत नसत. पण हे शहाणपण मला आत्ता लिहिताना सुचतंय. तेव्हा मला फक्त त्यांची हाताची घडी दिसायची.

शेवटी मी ठरवलं, कामाची वाटणी लेखी करायची. याला आधारही थोर होता. 1897 साली मॉस्कोत नट-दिग्दर्शक स्तानिस्लावस्की आणि नाटककार नेमिरोविच-दानचेन्को भेटले आणि सलग 18 तास बोलत बसले. मॉस्को आर्ट थिएटर जन्माला आलं ते त्या बैठकीतून. त्यात वाटणीही ठरली: संहितेच्या बाबतीत शेवटचा शब्द दानचेन्कोचा, प्रयोगाच्या बाबतीत स्तानिस्लावस्कीचा. स्तानिस्लावस्की तेव्हा आपल्यासारखाच हौशी, हे मी बैठकीत आवर्जून सांगितलं. पुढे त्या दोघांचंही फाटलं, हे सांगितलं नाही.

आमची बैठक साडेतीन तास चालली. त्यात पावणेदोन तास खुर्चीवर गेले. म्हणजे खुर्ची नेपथ्यात येते की प्रॉपर्टीत, यावर. नटाने बसायची ती नेपथ्य, नटाने उचलायची ती प्रॉपर्टी, असा तोडगा निघाला. तेवढ्यात प्रकाशयोजनेवाला, ज्याचा खुर्चीशी काही संबंध नव्हता, म्हणाला, "आणि रागाने लाथ मारायची असेल तर?" पुन्हा वीस मिनिटं.

फोन मात्र चटकन निकालात निघाला. टेबल नेपथ्याचं, टेबलावरचा फोन प्रॉपर्टीचा, फोनची घंटी पार्श्वसंगीताची, उचलायचा नायकाने. दुसऱ्याच्या खात्यातल्या वस्तूला कुणी हात लावायचा नाही. खाली सगळ्यांच्या सह्या. काकांनीही सही केली. त्यांच्या नावापुढे काम मात्र काही नव्हतं. मला वाटलं, ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

कागदाचं शेवटचं कलम टीकेचं होतं. तालमीनंतर दहा मिनिटं, आणि ज्याने त्याने आपल्या खात्यापुरतंच बोलायचं. यावर कुरकुर सुरू झाली तशी मी थेट नाट्यशास्त्र काढलं. भरतमुनींनी नाटकाची परीक्षा करणारे प्राश्निक सांगून ठेवले आहेत, दहा प्रकारचे. छंद जाणणाऱ्याने वृत्तांबद्दल बोलावं, व्याकरण जाणणाऱ्याने पाठाबद्दल, गाणाऱ्याने सुराबद्दल. त्या यादीत धनुर्विद्या जाणणारा आहे, चित्रकार आहे, राजासुद्धा आहे.

"मग यातला मी कोण?" काकांनी विचारलं.

"तुम्ही राजा, काका," मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांना ते योग्य वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी तालीम संपली, मी घड्याळ लावलं आणि म्हणालो, "बोला." दहा मिनिटं पंख्याचा आवाज ऐकत बसलो. आपल्या खात्यात काही चुकतं असं कुणालाच वाटत नव्हतं. मग हॉलला कुलूप लागलं आणि बाहेर स्कूटरवर एक पाय टाकून, ती सुरू न करता, सगळ्यांनी तासभर माझ्या दिग्दर्शनाची चर्चा केली. हे मला कळलं, कारण हेल्मेट विसरलं म्हणून मी परत आलो होतो. मला बघताच विषय एकदम हवामानावर गेला.

रंगीत तालीम नीट झाली. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

प्रयोगाच्या दिवशी दुसऱ्या अंकातला ब्लॅकआउट संपला, प्रकाश आला, नायक एकटा उभा. घंटी वाजली. नायक ठरल्याप्रमाणे दचकला, वळला आणि टेबलापाशी जाऊन थिजला. टेबलावर टेबलक्लॉथ होता, फोन नव्हता. घंटी वाजतच होती, कारण नायक फोन उचलेपर्यंत ती वाजवायची, असं पार्श्वसंगीताच्या कलमात लिहिलं होतं. प्रॉम्प्टरबाई विंगेतून कुजबुजल्या, "हॅलो." पहिल्या चार रांगांनी ते ऐकलं. नायकाने टेबलाखाली बघितलं. सोफ्यावरची उशी उचलून बघितली. मग मान वर करून, आमच्या लेखकाने आयुष्यात लिहिलं नसतं असं वाक्य तो बोलला: "आत वाजतोय वाटतं." आणि विंगेत निघून गेला.

रंगमंच रिकामा. प्रेक्षकांना दिसत होता तो फक्त सोफा आणि मोकळं टेबल. आतून त्याचा आवाज आला, "हॅलो... हो, मीच बोलतोय." मग बराच वेळ काही नाही. मग अगदी हळू, "कधी?" कोसळला की नाही ते कुणालाच दिसलं नाही. सभागृहात एकही खोकला नव्हता. पाचव्या रांगेतल्या एका बाईंनी डोळ्याला पदर लावलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

मी मागच्या दाराने विंगेत पळालो. तिथे काका उभे होते. दोन्ही हातांत फोन, दिंडीत पादुका धराव्यात तसा धरलेला.

"काका! हा तुमच्याकडे कसा?"

"अंधारात टेबल सरकवायला माणूस कमी पडला. मी लावला हात. वर फोन होता, पडला असता, म्हणून उचलून घेतला."

"मग परत ठेवायचा ना!"

"टेबलावर फोन ठेवणं प्रॉपर्टीचं काम," काका म्हणाले. "तुझ्या कागदात आहे. माझी सही आहे त्याच्यावर."

प्रयोगानंतर ग्रीन रूममध्ये पाहुणे आले, आणि इथे माझी एक कबुली. दुसऱ्यांची नाटकं पाहिल्यावर मीही आत जातो, दिग्दर्शकाचा हात हातात घेतो आणि म्हणतो, "वेगळा प्रयत्न!" त्याचा अर्थ काय असतो ते मला ठाऊक आहे, त्यामुळे मी तयारीतच होतो. पण त्या दिवशी तिघांनी येऊन फोनच्या प्रसंगाचं नाव घेऊन कौतुक केलं. एकजण तर म्हणाला, "रंगमंच रिकामा ठेवायला धाडस लागतं." मी नम्रपणे मान खाली घातली. शेजारी प्रॉपर्टीवाला उभा होता, त्यानेही घातली.

सगळे गेल्यावर लेव्हली टेम्पोत चढवायला पाच जण उरले. सगळ्यात जड लेव्हलचं एक टोक काकांकडे, दुसरं माझ्याकडे.

"राग मानू नकोस," काका धापा टाकत म्हणाले, "पण तो प्रसंग आज जमला. दीड महिना सांगत होतो."

पुढच्या प्रयोगाआधी मी कागद दुरुस्त केला. फोन कायमचा विंगेत गेला, आणि तो तिथे धरून उभं राहायचं काम काकांच्या नावापुढे लिहिलं. काकांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं, खिशातून पेन काढलं आणि 'विंगेत' मधली वेलांटी ऱ्हस्वाची दीर्घ केली. ती ऱ्हस्वच बरोबर होती.