दहा अंशांचं टक्कल

बैठकीच्या छतातले सहा दिवे मी स्वतः निवडून आणले. वॅट पाहिले, पिवळसर की पांढरा ते पाहिलं, होल्डरमध्ये बसतो का तेही पाहिलं. खोक्याच्या कडेला मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात '१०°' छापलं होतं. मला वाटलं, तापमान असेल.

काल काका आले आणि नेमके दिव्याखाली टेकले. टक्कल असं लखलखलं की समोरच्या भिंतीवर कवडसा पडला.

"काय रे, जबानी घ्यायची आहे का माझी?"

"नाही हो काका, नवीन दिवे आहेत."

"मग खोलीला का नाही लावलेस?"

काका वीतभर सरकले. गायब. परत आले. लख्ख. "आहे," ते म्हणाले. सरकले. "नाही." पुन्हा "आहे." असं सात-आठ वेळा. पोरं टाळ्या पिटायला लागली. मग काकांनी माझ्याच मुलाची कंपासपेटी मागवली.

"खोक्यावरचे दहा अंश म्हणजे झोत पसरतो तो कोन. डोक्यापासून छत दीड मीटर. दहाचे निम्मे पाच, त्याचा टॅन, गुणिले दीड, त्याची दुप्पट... २६ सेंटिमीटर! अरे, माझ्या डोक्याच्या मापाने आणलास की! ३६ अंशांचा आणला असतास तर मीटरभर गोल पडला असता. ६० चा, तर पावणेदोन. शाळेत हे शिकवत होते तेव्हा कुठे होतास?"

वर हेही ऐकवलं की त्या गोलाच्या काठावर उजेड मधल्याच्या निम्म्यावर येतो, म्हणून कोन तिथवरच मोजायचा. आणि एकूण उजेड तेवढाच. बादलीभर पाणी अंगणात शिंपडा नाहीतर एकाच्याच डोक्यावर ओता. असले बारीक झोताचे दिवे भिंतीवरच्या चित्रासाठी असतात म्हणे. आमच्या भिंतीवर कॅलेंडर आहे.

पण मी विचारतो, वॅट एवढे ठळक छापता, मग कोनालाच का लाज वाटते? दिव्याचं नाव 'एमआर १६'. हे १६ म्हणजे वॅटही नव्हेत, अंशही नव्हेत. इंचाचे आठ तुकडे करायचे, असे सोळा तुकडे म्हणजे दिव्याचा व्यास. सरळ दोन इंच म्हणायला काय जीभ झिजते? हे खोकं वाचायला माणसाने पदवी घ्यायची का?

खोकी मी फाडून टाकली, त्यामुळे दिवे परत जाणार नाहीत. काका मात्र रविवारी परत येणार आहेत. बरोबर दोन मित्रांनाही आणतोय म्हणाले, दाखवायला.

दोघांनाही टक्कल आहे.