नक्की किती खातो?

"तुझा प्रोग्राम मेमरी किती खातो रे?" साहेबांनी जाता जाता विचारलं. "पाच मिनिटांत सांगतो," मी म्हणालो. आज तिसरा दिवस.

आधी पीएस मारला, म्हणजे चालू प्रोग्रामांची यादी दाखवणारी कमांड. व्हीएसझेड ४ जीबी, आरएसएस ३०० एमबी. (आरएसएस म्हणजे रेसिडेंट सेट साइझ, खरोखर रॅममध्ये बसलेला भाग; उगाच वाद नकोत.) मशीनची रॅमच मुळी २ जीबी, मग हे चार आले कुठून? तर व्हीएसझेड म्हणजे प्रोग्रामने 'हे माझं' म्हणून नुसतं आखून ठेवलेलं रान. मॅलॉकने (मेमरी मागायचं फंक्शन) कितीही मागा, लिनक्स बहुधा "घे" म्हणून मोकळा होतो. खरी रॅम हातातून सुटते ती तिथे काही लिहायला गेलात की, तीही ४ केबीच्या एकेका पानाने.

मग आरएसएस धरू. पण माझं ध्यान एकटं कुठे असतं! डेटा चढवला की फोर्क करून, म्हणजे चालू प्रोसेसच्या प्रती काढून, एकाचे आठ होतात. आठ त्रिक चोवीस, म्हणजे २४०० एमबी. २ जीबीच्या मशीनवर, स्वॅप (रॅम भरली की डिस्कवर सरकवायची सोय) बंद असताना! आणि वर मोकळी मेमरी दाखवणारी फ्री कमांड सांगतेय, अजून जागा आहे.

झालं होतं असं की बिऱ्हाडं आठ, जिना एक, आणि प्रत्येकाने आपल्या क्षेत्रफळात अख्खा जिना धरलेला. स्वतःच्या खोल्या जेमतेम ५० एमबीच्या. २५० चा जिना, म्हणजे फोर्कआधी चढवलेला डेटा वगैरे, सामायिक.

यावर उतारा पीएसएस, प्रपोर्शनल सेट साइझ. लिनक्सच्या /proc फोल्डरमधल्या स्मॅप्स-रोलअप फाइलीत तो मिळतो. जिन्याला आठाने भागतो. प्रत्येकी ८१, एकूण ६५०. मी खूश. खात्री करावी म्हणून एक प्रोसेस मारली, तर उरलेल्या सातांचा पीएसएस ८१ वरून ८६ वर! बिचाऱ्यांनी काही केलं नव्हतं. वर्गणी देणारा एक कमी झाला, एवढंच.

शेवटी गेटआरयूसेज (प्रोसेसने काय काय वापरलं ते सांगणारं फंक्शन) वापरून चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली. एका प्रोसेसने गाठलेला सर्वांत मोठा आरएसएस ती छापते. माझ्याकडे ३०० एमबी आला. साहेबांना पाठवली, त्यांनी आपल्या मॅकवर चालवली आणि तरातरा माझ्या टेबलाशी आले.

"३०० जीबी?"

हा आकडा लिनक्सवर केबीत येतो आणि मॅकवर बाइटमध्ये, हे सांगायला मी तोंड उघडलं.

"राहू दे," साहेब म्हणाले. "पाच मिनिटांत सांग."